व्हीआरसाठी पीसी घेताय? आधी कार्ड बघा

स्वस्तात व्हीआर (डोळ्यांवर हेडसेट चढवून आभासी जगात खेळायचे गेम) खेळायचं तर पैसा ग्राफिक्स कार्डात घाला, रंगीत दिव्यांच्या कॅबिनेटात नको. मेटाचा क्वेस्ट हेडसेट केबलनं पीसीला जोडणार असाल तर जीटीएक्स १६५० कार्डाच्या नादी लागू नका, त्याला सपोर्टच नाही. जुनं आरटीएक्स २०६० किंवा ३०६० अन् १६ जीबी रॅम, एवढ्यात बहुतेक गेम निघतात. संभाजीनगरात जुनं कार्ड घेताना दुकानातच अर्धा तास गेम चालवा. पंखा घरघरला, स्क्रीनवर ठिपके आले की पैसे खिशातच राहू द्या. आपल्याकडं मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो (पत्र्याच्या खोलीत तर विचारूच नका), म्हणून कॅबिनेटला पुढून जाळी हवी. एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) चांगल्या कंपनीचा, ५५० वॅटचा घ्या. लाइटच्या ये-जा करण्यात माझा बिननावाचा एसएमपीएस गेला, तो मदरबोर्डही घेऊनच.