धावणाऱ्यांच्या पावलांसाठी बॅलेचे व्यायाम

जून ते सप्टेंबर या काळात कोकणात नियमित धावणे कठीण असते. पाखाड्यांच्या, म्हणजे दगडी पायवाटांच्या, जांभ्यावर शेवाळ धरते, उधाणाच्या दिवसांत पुळणीचा बराच भाग पाण्याखाली जातो आणि रस्त्याच्या कडा चिखलात दिसेनाशा होतात. हे महिने पावले व घोटे बळकट करण्यासाठी वापरावेत. त्यासाठी बॅलेतील प्राथमिक व्यायाम विशेष उपयोगी आहेत, कारण त्यांना पडवीचा एक खांब, कोरडी जमीन आणि अनवाणी पाय यांपलीकडे काहीही लागत नाही.

मानवी पावलात २६ हाडे असतात आणि धावताना दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार त्यांच्यावर येतो. धावणारे लोक मांड्या व पोटऱ्यांचा व्यायाम करतात, परंतु पायाची कमान तोलून धरणारे तळव्यातील लहान स्नायू जाड तळाच्या बुटात राहून दुर्लक्षितच राहतात. बॅलेचा सराव टाच, चवडा आणि बोटे यांना एकामागून एक, स्वतंत्रपणे काम करायला लावतो. मात्र दोन्ही पाय बाहेरच्या बाजूला वळवून उभे राहण्याची बॅलेची पद्धत ही रंगमंचाची गरज आहे. धावणाऱ्याने ती उचलू नये. पुढील सर्व व्यायाम पावले समांतर ठेवूनच करावेत.

सुरुवात तांद्यूने करावी. खांबाला हलका हात लावून एका पायावर सरळ उभे राहावे आणि दुसरे पाऊल जमिनीवर दाब देत पुढे सरकवावे, म्हणजे आधी टाच उचलली जाते, मग चवडा, आणि शेवटी केवळ बोटांची टोके टेकलेली राहतात. परत येताना हाच क्रम उलटा असावा. बोटे आखडू देऊ नयेत, ती लांबच राहिली पाहिजेत. पुढे, बाजूला आणि मागे असे प्रत्येकी आठ वेळा पुरे.

त्यानंतर प्लिए, म्हणजे टाचा न उचलता गुडघे वाकवणे. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत पुढे जावा; तो आत झुकत असेल तर कमानही खचत असते. घोटा किती लवचीक आहे हे येथेच कळते, आणि चढणीवर टाच लवकर उचलली जाण्याचे कारणही अनेकदा येथेच सापडते.

खरा भर मात्र रेलव्हेवर द्यावा. दोन्ही चवड्यांवर दोन अंक मोजत वर जावे, क्षणभर थांबावे आणि चार अंक मोजत खाली यावे. लोक वर जाण्याकडे लक्ष देतात आणि खाली मात्र धपकन येतात. माझ्या मते तेथेच अर्धा व्यायाम वाया जातो, कारण पोटरी आणि टाचेमागील अ‍ॅकिलीस कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोरासारखा भाग) यांना धावताना जो भार झेलावा लागतो, त्याची तयारी सावकाश उतरण्यातूनच होते. वर असताना वजन अंगठा आणि दुसरे बोट यांच्या मुळाशी असावे. ते करंगळीकडे सरकले की पाऊल विळ्यासारखे आत वळते आणि घोटा बाहेरच्या अंगाला कलंडतो. पाय मुरगळतो तो बहुधा याच दिशेने. त्यामुळे आरशात किंवा मोबाइलवर चित्रण करून मागून टाचेची रेषा तपासावी. दोन्ही पायांवर १५ वेळा सहज जमू लागले की एका पायावर यावे. पुढे हाच व्यायाम गुडघा किंचित वाकवूनही करावा. पोटरीच्या खोलवरच्या सोलियस स्नायूवर तेव्हा अधिक ताण येतो, आणि धावताना पाऊल टेकलेले असते तेव्हा गुडघा वाकलेलाच असतो.

तोल साधण्यासाठी एका पायावर उभे राहून दुसऱ्या पायाचे टोक घोट्याजवळ धरावे, हात खांबापासून सोडावा आणि ३० सेकंद स्थिर राहावे. जमू लागल्यावर डोळे मिटावेत, पण खांब हाताशी असू द्यावा.

आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येकी २० मिनिटे हा सराव पुरेसा आहे. स्नायूंपेक्षा कंडरा सावकाश बळकट होतात, म्हणून दोन महिने तरी उड्यांची घाई करू नये. दमट हवेत फरशीला ओल सुटते. ती आधी पुसून घ्यावी. नुकताच पाय मुरगळलेला असून चार पावलेही भार देऊन चालता येत नसेल, किंवा घोट्याच्या हाडावर दाबल्यावर दुखत असेल, तर व्यायाम न करता डॉक्टरांना दाखवावे.

पावसाळा सरल्यावर गुहागर असो वा हर्णै, पुन्हा किनाऱ्यावर उतरताना ओहोटीची वेळ निवडावी, कारण तेव्हा उघडी पडणारी ओली वाळू घट्ट आणि बरीच सपाट असते. वरची कोरडी, भुसभुशीत वाळू टाच खोल रुतवते आणि अ‍ॅकिलीस कंडरेला अधिक ताणते, म्हणून सुरुवातीला तिच्यावर पाच मिनिटांहून अधिक धावू नये. उतरत्या पुळणीवर समुद्राकडच्या पायाची बाहेरची कड खाली राहते आणि तो घोटा सतत कलता राहतो. अर्धे अंतर झाल्यावर त्याच पट्ट्यावरून परत फिरावे, म्हणजे हा भार दोन्ही पायांवर सारखा वाटला जातो.