चोर्ला घाट, निळा धूर आणि टर्बोची शिट्टी

साखळीहून चोर्ला चढताना माझ्या डिझेल गाडीने निळा धूर सोडला, वर टर्बोची, म्हणजे इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या पंख्याची, शिट्टी नेहमीपेक्षा कर्कश. एका गॅरेजवाल्याने बॉनेट उघडल्या उघडल्या निकाल दिला: "टर्बो गेला, नवीन घाला." मी गाडी म्हापशाला आमच्या जुन्या मेस्त्रींकडे नेली.

त्यांनी टर्बोला हवा पुरवणारा इनटेकचा होस काढला, पंख्याच्या शाफ्टचं (दांड्याचं) टोक चिमटीत धरून आडवं हलवलं. हललं! माझा चेहरा पडला.

"घाबरू नका, ही जर्नल बेअरिंग. शाफ्टभोवतीचा बुश, म्हणजे धातूचं कडं, तेलाच्या थरावर तरंगतो. इंजिन बंद असताना एवढं हलणारच. आता पुढे-मागे ओढून बघा."

तसं हललं नाही, पंखा बाहेरच्या कवचाला घासल्याची खूणही नव्हती. पुढे-मागे खेळ, म्हणजे सैलपणा, जाणवला असता तर शाफ्टला तसं सरकू न देणारी थ्रस्ट बेअरिंग झिजलेली, मग मात्र खिसा रिकामा. बॉल बेअरिंगच्या टर्बोत हा आडवा खेळ फारच कमी असतो. असा टर्बो लवकर वेग घेतो, तेलही कमी मागतो, पण महाग. माझ्यासारख्याला कशाला हवा!

दोष निघाला तेल परतीच्या नळीत. काळा, डांबरासारखा गाळ. तेल खाली उतरेना, म्हणून सीलमधून एक्झॉस्टमध्ये शिरत होतं. शिट्टी तर टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या सैल क्लॅम्पची. नळी साफ केली, गॅस्केट, तेल, फिल्टर बदलले. धूर आणखी दोन दिवस राहिला, साचलेलं तेल जळेपर्यंत.