मेंटेनन्सला नवीन रुजू होणाऱ्यांसाठी: गोव्यातलं कामाचं वर्ष कसं आखावं

डिप्लोमा किंवा आयटीआय करून वेर्णा, कुंडई, पिसुर्ले अशा वसाहतीत रुजू झालात की पहिल्या आठवड्यातच ओढाताण दिसेल. प्रॉडक्शनला मशीन चालू हवं असतं, मेंटेनन्सला थांबलेलं. मशीन कधीतरी थांबणारच, तेव्हा ती वेळ बिघाडाच्या हाती जाऊ द्यायची नाही, हे आपलं काम.

गोव्यात वर्षाची आखणी पावसावरून करावी लागते. उघड्यावरची कामं मिरगाआधी, एप्रिल-मेमध्ये संपवा: कूलिंग टॉवरचा सांगाडा घासून रंगवणं, केबल ग्लँड (केबल पेटीत शिरते तिथली घट्ट बसणारी जोडणी) आवळणं, छपरावरच्या ब्लोअरच्या टर्मिनल बॉक्सचं गॅस्केट बदलणं. अर्थ पिटचं (अर्थिंगच्या खड्ड्याचं) रोधाचं रीडिंगही याच दिवसांत घ्या. जमीन कोरडी असते, त्यामुळे सगळ्यात वाईट आकडा तेव्हाच कळतो. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, कामगार गावी जातात आणि लाइन बंद राहते. आतल्या मोठ्या ओव्हरहॉलला ती वेळ उत्तम, पण रंगकाम तिच्यावर ढकलू नका. ओलसर लोखंडावर लावलेला रंग पापुद्र्यांनी सुटतो. चवथीला लागणारे स्पेअर मे महिन्यातच मागवा आणि आल्यावर खोकं उघडून माप तपासा. लेबलवर विसंबू नका. बॉयलर असेल तर त्याच्या प्रमाणपत्राची मुदत कधी संपते ते पाहूनच शटडाऊनची तारीख पक्की करा.

ग्रीसिंगमध्ये नवशिक्यांच्या हातून सगळ्यात जास्त नुकसान होतं, तेही चांगल्या हेतूने जास्त ग्रीस भरल्यामुळे. बेअरिंगचा बाहेरचा व्यास गुणिले रुंदी, दोन्ही मिलिमीटरमध्ये, गुणिले ०.००५ केलं की ग्रॅम मिळतात. ६३१० बेअरिंगसाठी ११० × २७ × ०.००५, म्हणजे साधारण १५ ग्रॅम. तुमच्या गनच्या एका दाबात किती येतं ते दहा दाब वजनकाट्यावर मोजून ठरवा. ड्रेन प्लग उघडा ठेवा. जादा ग्रीस आतच घुसळत राहिलं की बेअरिंग तापतं, आणि सील ओलांडून ते मोटरच्या वाइंडिंगवरही (आतल्या तारेच्या वेटोळ्यांवर) जातं. लिथियम आणि पॉलियुरिया ग्रीस खात्री केल्याशिवाय एकत्र करू नका; मिश्रण पातळ होऊन वाहून जाऊ शकतं.

स्टँडबाय पंप 'आहे ना' म्हणून विसरला जातो. जुलैच्या दमट हवेत त्याच्या वाइंडिंगमध्ये ओल शिरते, आणि शेजारच्या यंत्रांच्या कंपनाने बेअरिंगवर एकाच जागी खुणा पडतात. म्हणून पंप आलटूनपालटून चालवा. ते शक्य नसेल तर शाफ्ट हाताने फिरवून वेगळ्या जागी थांबवा आणि स्पेस हीटर (बंद मोटर आतून कोरडी ठेवणारा छोटा हीटर) चालू ठेवा. ४१५ व्होल्टच्या मोटरला ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र) लावतात. एकट्या आकड्यापेक्षा मागच्या महिन्याशी तुलना जास्त सांगते: इन्सुलेशनचं रीडिंग २०० मेगाओमवरून २० वर आलं, तर सुरू करण्याआधी ओल शोधा. मोटर व्हीएफडीवर (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर) असेल तर केबल सोडवूनच मेगर लावा, नाहीतर ड्राइव्ह जळू शकतो.

हिस्ट्री कार्डवर नुसतं 'दुरुस्त केले' लिहून भागत नाही. बेअरिंग नंबर, धावलेले तास, गंज दिसला की ग्रीस कोरडं होतं, हे सगळं हवं. मोटर पुन्हा रिवाइंड करायची की नवी घ्यायची, हे त्यावरूनच ठरतं. पूर्ण लोडवर वर्षाला ६,००० तास चालणाऱ्या २२ किलोवॅटच्या मोटरची कार्यक्षमता रिवाइंडिंगनंतर ९२ वरून ९१ टक्क्यांवर आली, तर दरवर्षी सुमारे दीड हजार युनिट वीज जास्त जाते. रिवाइंडिंगच्या कोटेशनशेजारी हा खर्च मांडा आणि मगच सही घ्यायला जा.