खड्डा ‘हो’ म्हणाला आणि मी उतरलो

हिमस्खलन होऊ शकतं अशा डोंगरात स्कीवर जाताना ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठाव देणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं घेतल्याशिवाय निघायचं नाही, हे तुम्हाला माहीत असणार. बहुतेक स्लॅब, म्हणजे एकसंध घसरणारे बर्फाचे थर, ३० ते ४५ अंशांच्या उतारावरून सुटतात, हेही. म्हणून मी ज्यात फसलो, तेवढंच सांगतो.

माझा तिसरा हंगाम होता. बर्फ सुटेल का हे तपासायला झाडीच्या कडेला, आडोशाला आम्ही खड्डा खणला. तिथे दीड मीटर बर्फ होता. ९० सेंटिमीटर रुंद, ३० सेंटिमीटर आत असा स्तंभ मोकळा केला, एका टोकावर फावड्याचं पातं ठेवलं आणि दहा थापा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून दिल्या. तडा गेला नाही. मी म्हटलं, चला. पुढे खडकांजवळच्या उतारावर दुसऱ्याच वळणाला पायाखाली ‘धप्प’ आवाज झाला, माझ्या वरच्या बाजूला तडा धावला आणि अख्खा उतार निघाला. मी छातीपर्यंत गाडला गेलो. सोबत्याने खणून काढलं. तो आवाज आठवला की आजही हातपाय गार पडतात.

चाचणी बरोबर होती, जागा चुकली होती. जमिनीलगतचा बर्फ शून्य अंशाच्या आसपास असतो, वरची हवा कितीतरी थंड. थर जाड असेल तर हा फरक दीड मीटरभर विभागला जातो. खडकांजवळ तोच फरक चाळीस सेंटिमीटरमध्ये मावतो. दर दहा सेंटिमीटरला एक अंशाहून जास्त फरक पडू लागला की बाष्प वेगाने वर सरकतं, दाण्यांची पकड सुटते आणि तळाचा बर्फ साखरेसारखा भुसभुशीत होतो. वाऱ्याने त्यावर घट्ट थर आणून बसवला होता. झाडीतल्या जाड बर्फात तो साखरी थर तयारच झाला नव्हता, मग माझ्या थापांना सापडणार कुठून? शिवाय खडकांजवळ वरचा थर पातळ, म्हणजे स्कीचा भार थेट कमकुवत थरापर्यंत पोचतो. आणि कमकुवत थर मीटरभर खोल असेल, तर ही चाचणी योग्य जागी केली तरी तो बहुधा दाखवत नाही.

म्हणून खड्ड्याचा ‘नाही’ ऐका, ‘हो’ ऐकू नका. स्तंभात आरपार तडा गेला तर परत फिरा. नाही गेला, तर फक्त त्या जागेची माहिती मिळाली. कालच्या हिमस्खलन-इशाऱ्याच्या बुलेटिनमध्ये धोका कमी होता म्हणून आज हवं ते मोकळं, असंही नसतं.

‘इथे आधीच स्कीच्या खुणा आहेत, चल’ म्हणणारा मार्गदर्शक कितीही अनुभवी असो, त्याच्यामागे जाऊ नका. पहिले पाच जण सुखरूप उतरले आणि सहाव्याखाली उतार सुटला, असं होतं. मला तरी तो चांगला वाटतो जो वाटेत चार वेळा थांबून ‘तुला काय दिसतंय?’ विचारतो.

हे वाचून घाबरला असाल तर घाबरण्यात काही चूक नाही, पण स्की सोडू नका. ताजे सुटलेले उतार, पायाखालचा धप्प आवाज, स्कीच्या टोकापासून पळणारे तडे ही चिन्हं पहिल्या हंगामातही ओळखता येतात, आणि ती कुठल्याही खड्ड्यापेक्षा भरवशाची आहेत. त्यातलं एकही दिसलं, किंवा नुसतं ठरवता येत नसेल, तर ३० अंशांखालचा उतार निवडा. मात्र त्याच्या डोक्यावर तीव्र उतार नाही ना, हे मान वर करून बघा. त्या अपघातानंतरचा पूर्ण हंगाम मी असल्याच उतारांवर काढला.