मुलाची भेट ठरलीय? या चुका टाळा

केस लागते, अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा, आदेश होतो: दर शनिवारी वडिलांनी मुलाला भेटायचं. बाईला वाटतं, वेगळी राहतेय, सुटले. पण मारहाण करणाऱ्या नवऱ्याला समोर यायला उरलेलं निमित्त ही भेटच असते. गडबड होते ती मूल देता-घेताना.

'दोघांच्या सोयीने भेट' अशा मोघम वाक्याला मान डोलावू नका. मग दर आठवड्याला फोन आणि फोनवर शिवीगाळ. वार, वेळ, जागा, मुलाला कोण आणणार, भेटीत सोबत कोण थांबणार, सगळं वकिलाकडून आदेशात लिहून घ्या. सोसायटीचं गेट नको. कौटुंबिक न्यायालयात मुलांची खोली असेल तर ती बरी. न्यायला-आणायला मावशी किंवा मामा जाऊ दे. तापट मामा मात्र नको.

दुसरी चूक, भीतीपोटी भेट परस्पर बंद करणं. पुढच्या तारखेला आदेश मोडला म्हणून तुम्हीच अडकता. कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्यात कलम 21 आहे: भेटीने मुलाचं अहित होईल असं मॅजिस्ट्रेटचं मत झालं, तर मॅजिस्ट्रेटने भेट नाकारायचीच. परिस्थिती बदलली तर कलम 25 खाली आदेश बदलून मागता येतो. आदेश कौटुंबिक न्यायालयाचा असेल तर अर्ज तिथेच.

अर्जाला आधार लागतो, आणि तो इथेच बिघडतो. मूल दारात आल्याआल्या "पप्पा काय म्हणाले? आजी काय म्हणाली?" सुरू होतं. मूल मग आईला हवं तेच सांगायला लागतं आणि कोर्टात ते 'पढवलेलं' ठरतं. आधी खायला द्या, खेळू द्या. आपणहून बोललं तर त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून वहीत उतरवा. भेटीनंतर अंथरूण ओलं झालं, रात्री दचकून उठलं, तेही लिहा. अंगावर वळ दिसला तर त्याच दिवशी सरकारी दवाखाना.

नवा पत्ता लपवलाय? मग भेटीत मिळालेलं घड्याळ, जुना मोबाइल आधी तपासा. दप्तराच्या आतल्या कप्प्यातही हात घाला. नाण्याएवढा ट्रॅकर सहज बसतो. शाळेला आदेशाची प्रत आणि मुलाला कोण नेऊ शकतं त्यांची नावं लेखी द्या. शिपायाला नुसतं तोंडी सांगून भागत नाही.

मूल ठरल्या वेळी परतलं नाही आणि फोनही बंद, तर नातेवाइकांची बैठक बोलावत बसू नका. 112 लावा. महिलांसाठी 181, मुलांसाठी 1098. संरक्षण आदेश, म्हणजे नवऱ्याला मारहाण किंवा संपर्क करायला मनाई करणारा आदेश, त्याने मोडला असेल तर त्याच 2005 च्या कायद्याच्या कलम 31 खाली 1 वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणून आदेशाची प्रत पर्समध्येच ठेवा.