थंडीत घसरणारा सूर

डिसेंबरातल्या कार्यक्रमासाठी आम्ही व्हिक्टर एवाल्डचं ब्रास क्विंटेट (पाच पितळी वाद्यांसाठीची रचना), ओपस ५, घेतलं होतं. (हा रशियन गृहस्थ पेशाने स्थापत्य अभियंता! आम्हाला भारी बळ आलं.) दोन ट्रम्पेट, हॉर्न, ट्रॉम्बोन, ट्युबा. तालीम सकाळी सातला, गंगापूर रोडवरच्या मित्राच्या गॅरेजात. नाशिकची थंडी, पितळ बर्फासारखं गार.

रोज ट्यूनर (सूर किती चढा-उतरा ते दाखवणारं यंत्र) लावून सूर जुळवायचो, आणि दहा मिनिटांत ट्रम्पेट चढलेले, ट्युबा मात्र खालीच. आधी मी ट्युबावाल्यालाच बोललो. चूक माझी होती. नळीतली हवा एक अंशाने तापली की सूर साधारण ३ सेंट (सेंट म्हणजे पियानोच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) चढतो, आणि ट्युबाची लांबलचक नळी तापायला वेळ घेते.

मग क्रम उलटा केला. आधी पाच मिनिटं सगळ्यांनी नुसती फुंकर मारायची, स्वर न काढता. स्पिट व्हॉल्व्ह, म्हणजे नळीची छोटी झडप, उघडून आत साचलेलं पाणी काढायचं. मग ट्युबाने षड्ज धरायचा, बाकीच्यांनी त्यावर जुळायचं. ट्यूनर बॅगेत.

तरी मेजर कॉर्ड (सा, शुद्ध ग आणि प एकत्र) खुपत होताच. तानपुऱ्याच्या खर्जातून जो गंधार ऐकू येतो तो पियानोच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट खाली असतो. हॉर्नवाल्याकडे गंधार होता. त्याला म्हटलं, ओठ किंचित सैल सोड. तिसऱ्या प्रयत्नात कॉर्ड असा बसला की शटर थरथरलं.

कार्यक्रमात लांब विश्रांती आली की वाद्यात गुपचूप फुंकर मारत राहिलो. पहिल्या रांगेतल्या काकूंना वाटलं, मला दम लागलाय.