इंडी अल्बम शोधायचे कुठे आणि मित्राच्या गळ्यात मारायचे कसे

"काहीतरी नवीन सुचव ना" असं कोणी म्हटलं की पूर्वी मी व्हॉट्सॲपवर धडाधड अकरा लिंका टाकायचो, आणि अकराच्या अकरा तशाच पडून राहायच्या. एकाने तर सरळ विचारलं, "यातलं नक्की ऐकू काय?" चूक माझीच होती.

तर आधी शोधायचं कसं ते बघू. मी जास्तीत जास्त वेळ बॅन्डकॅम्पवर असतो (इंडी, म्हणजे मोठ्या कंपनीशिवाय स्वतंत्रपणे काम करणारे कलाकार जिथे आपलं संगीत थेट ऐकणाऱ्यांना विकतात, ती वेबसाइट), कारण तिथे तुमच्या पुढ्यात काय येणार हे फक्त अल्गोरिदम ठरवत नाही, माणसं दिसतात. आवडलेला एखादा अल्बम उघडा, समजा पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी या दिल्लीच्या बँडचा 2019 चा बिस्मिल्ला, आणि कव्हरच्या खाली बघा, बारीक बारीक फोटोंची रांग असते, हे सगळे तो अल्बम विकत घेतलेले लोक. काहींनी एखादी ओळ लिहिलेली असते, आवडतं गाणं सांगितलेलं असतं. ज्याची ओळ पटेल त्याच्या फोटोवर क्लिक करा की त्याचं अख्खं कलेक्शन उघडतं. म्हणजे कॉलेजात कोणाच्या रूमवर गेल्यावर आपण गुपचूप त्याचा कॅसेटचा खण बघायचो ना, अगदी तसंच! तुमचे चार अल्बम त्याच्याकडे निघाले तर पाचवा डोळे झाकून ऐका, आणि त्याला फॉलो करून ठेवा.

दुसरी वाट म्हणजे क्रेडिट्स. कोणी मिक्स केलं, मास्टरिंग कोणाचं, ट्रम्पेट कोणी वाजवलाय, ही नावं अल्बमच्या पानावरच खाली लिहिलेली असतात (सगळेच लिहीत नाहीत, आळशी लेकाचे). त्यातलं एक नाव उचलून सर्च करा, त्या माणसाचा स्वतःचा प्रोजेक्ट बऱ्याचदा निघतो. तळाशी टॅग असतात त्यात शहराचं नाव पण असतं, पुणे किंवा मुंबईवर क्लिक करून बघा, बराच कचरा येईल पण एखादा हिरा पण लागतो हाताला.

ऐकायला पैसे लागत नाहीत, पण तीनचारदा वाजवलं की बऱ्याच अल्बमवर "आता घ्या की राव" छापाची खिडकी येते. घेतला की फ्लॅक, एमपीथ्री, पाहिजे त्या फॉरमॅटमध्ये डाउनलोड होतो. एरवी डिजिटल विक्रीतले 15 टक्के बॅन्डकॅम्प घेतं, पेमेंटवाल्यांचा कट वेगळा, पण बॅन्डकॅम्प फ्रायडेला ते आपला हिस्सा सोडतात. मार्च 2020 मध्ये लॉकडाऊनमुळे गिग, म्हणजे लाइव्ह कार्यक्रम, बंद पडले तेव्हा हे सुरू झालं. काही ठरावीक महिन्यांच्या पहिल्या शुक्रवारी असतं, आणि वेळ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची, म्हणजे आपल्याकडे शुक्रवारी दुपारी साडेबाराला (त्यांच्या हिवाळ्यात दीडला) चालू होऊन शनिवारी त्याच वेळेला संपतं. मी एकदा शुक्रवारी सकाळी उठून घाईघाईत खरेदी करून बसलो होतो, तर ऑफर चालूच झाली नव्हती. आणि हो, कार्डावर इंटरनॅशनल ऑनलाइन व्यवहार आधी बँकेच्या ॲपमधून चालू करा, नाहीतर पेमेंट लटकतं आणि उगाच वाटतं साइट बिघडली.

आता सुचवायचं कसं. एका माणसाला एकच अल्बम, आणि त्यातलं कुठलं गाणं आधी ऐकायचं ते पण सांगायचं. "भारी आहे, ऐकच" याला काही अर्थ नाही, त्याला आधीच काय आवडतं तिथून धागा काढायचा. बिस्मिल्ला मी आमच्या एका काकांना पाठवला, त्यांना साठच्या दशकातले ऑर्केस्ट्रावाले मऊ आवाज आवडतात, म्हणून लिहिलं, "काका, इंग्रजी आहे पण गायक तुमच्या पठडीतला आहे, मागे ट्रम्पेट वगैरे पण आहे, आधी फ्लोटेड बाय ऐका, रात्री जेवण झाल्यावर." त्यांनी ऐकला. हाच अल्बम मेटलवाल्या भाच्याला पाठवला असता तर त्याने मला ब्लॉक केलं असतं.

लिंक पाठवल्यावर मग आठवडाभर गप्प बसायचं, "ऐकलास का, ऐकलास का" करून भंडावायचं नाही. काकांचा रिप्लाय नवव्या दिवशी आला, रात्री पावणेबाराला, "यांचं अजून काय आहे?"